टूथपिकवरचा गुरुवार

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता कळवण्यात येते, की जगातले सर्वांत घातक हत्यार टूथपिक हे आहे. तलवारीने माणूस एकदाच मरतो. टूथपिकने मेलेला माणूस मात्र पुढे प्रत्येक लग्नात, बारशात आणि वास्तुशांतीला पुन्हा पुन्हा मरतो, कारण प्रत्येक ठिकाणी कुणीतरी हटकून विचारतं, "काय जाधव, यंदा काय टोचताय?"

आता हे माझ्यावर कसं ओढवलं ते सांगतो. त्यासाठी आधी आमचा गुरुवार समजून घ्यावा लागेल.

आमच्या आकुर्डीत, आणि पुढे थेट चाकणपर्यंत, रविवार हा फक्त कॅलेंडरात असतो. कारखान्यांची खरी सुट्टी गुरुवारी. शाळा रविवारी बंद, नवरा गुरुवारी घरी! (इथले कित्येक संसार केवळ या एका कारणाने सुखाचे झाले आहेत.) मी स्वतः निघोज्याच्या एका कारखान्यात गाडीच्या दारांची कुलपं जोडणाऱ्या लाइनवर सुपरवायझर आहे. त्या वर्षी एकतीस डिसेंबर आला आठवड्याच्या मधोमध. आमच्या इमारतीत कुणी फर्स्ट शिफ्टला, कुणी सेकंडला, कुणी नाईटला. बारा वाजता नव्या वर्षाच्या स्वागताला गच्चीवर उरली असती ती फक्त पाण्याची टाकी.

म्हणून मी इमारतीच्या ग्रुपवर ठराव मांडला : पार्टी नाताळच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी. समोरच्या फ्लॅटमधल्या गायकवाड भाऊंनी अंगठा दाखवून अनुमोदन दिलं. एकाही बाईने विरोध केला नाही. (बायकांचा ग्रुप वेगळा आहे आणि आमच्या ग्रुपवर एकही बाई नाही, हे मला त्या दिवशी कळलं नव्हतं.)

आता मुख्य मुद्दा. माझी बायको सुनंदा. आमच्या गच्चीवर आजवर ज्या ज्या पार्ट्या झाल्या, त्या सगळ्यांत बटाटेवडे सुनंदाचे. ती खाली कढईपुढे उभी, मी वर परातीपुढे उभा. ती तळते, मी वाटतो आणि शाबासकी घेतो. शेवटचा घाणा काढून ती घाम पुसत वर येते, तेव्हा लोक खुर्च्या एकात एक रचत असतात. आदल्या वर्षी कढई घासता घासता ती सहज म्हणाली,

"एकदा तरी मला त्या लाल खुर्चीवर बसून पार्टी बघायचीय. कशी असते हो?"

रागाने म्हणाली असती तर मी सहज विसरलो असतो. पण ती खरंच कुतूहलाने विचारत होती! वर्षभर वडा उचलला की मला तो प्रश्न आठवायचा.

म्हणून त्या वर्षी पार्टीच्या चार दिवस आधी मी जिन्यात उभं राहून, सगळ्यांदेखत, छातीवर हात ठेवून गर्जना केली, "या वर्षी स्वयंपाक मी करणार! पार्टी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सुनंदा जर खुर्चीवरून उठली, तर ही मिशी उतरवीन!"

मिशी माझ्या वडिलांची आहे. म्हणजे त्यांची तशीच होती. त्यामुळे पैज साधी नव्हती. तळमजल्यावरच्या जनाक्का, म्हणजे आमच्या इमारतीतल्या सर्वांत ज्येष्ठ, मूळच्या इथल्याच गावातल्या, चष्मा वर करून म्हणाल्या, "गुणाचा हाय गं सुनंदा तुजा नवरा. कुठला दिस निवडावा, त्ये बी कळतंय त्याला!"

तेव्हापासून इमारतीतल्या बायका जिन्यात माझ्याकडे आदराने बघू लागल्या. पहिल्या मजल्यावरच्या देशपांडे वहिनींनी तर चक्क नमस्कार केला. मी तो स्वीकारला. बायकोला खुर्चीवर बसवणारा पुरुष हा नमस्कार करण्याजोगाच असतो, अशी माझी समजूत होती.

स्वयंपाक मला येत नाही. पण त्याची गरजच नव्हती. सांगवीला माझ्या मेव्हणीकडे एकदा मी फिंगर फूड नावाचा प्रकार खाल्ला होता. चिमटीत धरायचं, एका घासात संपवायचं. "दहा मिनिटांत होतं हो भावजी! काही तळायचं नाही," ती म्हणाली होती. मेनू पक्का केला. एक : ब्रेडचा चौकोन, त्यावर लसणाची चटणी, चीज, काकडीची चकती. दोन : खारट बिस्किटावर उकडलेल्या बटाट्याचा गोळा. आणि प्रत्येकाच्या छातीत उभी एक टूथपिक!

गुरुवारी सकाळी माझे दोन सहकारी हजर झाले. एक गायकवाड भाऊ. दुसरा माझ्या लाइनवरचा कदम, लातूरकडचा. बायको-मुलं गावी, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तो कुठेही, कशालाही येतो. गळ्यात तुळशीची माळ, पोटात कायम जागा.

"साहेब, हे फिंगर फूड म्हंजे काय?" कदमने विचारलं.

"बोटांनी खायचे पदार्थ."

"अन् आजपस्तोर भाकर आपुन काय नटावानी पान्यानं फिरवून खात होतो का?"

मी दुर्लक्ष केलं. जेवणाच्या टेबलावर मी लाइन लावली, अगदी कारखान्यातल्यासारखी. पहिल्या जागेवर गायकवाड भाऊ : ब्रेड कापणे, चटणी लावणे. दुसऱ्या जागेवर कदम : चीज, काकडी आणि टोचणी. शेवटी मी : तपासणी. टूथपिक वाकडी जाऊ नये म्हणून कदमने लाकडाच्या फळीला भोकं पाडून खास साचा करून आणला होता. पहिला नग तयार झाला. मी तो उजेडात धरला, चारी बाजूंनी पाहिला आणि म्हणालो, "मंजूर! लाइन सुरू करा!"

तेवढ्यात सुनंदा दारात आली. "अहो, पण हा ब्रेड—"

"सुनंदा, तू बस!"

"अहो, आज ना—"

"आज तुझी सुट्टी! बस!"

ती गेली. लाइन धडधडू लागली. खराब निघालेला माल आम्ही कारखान्यात लाल पेटीत टाकतो. इथे सुनंदाचं लाल टोपलं घेतलं. काकडी सरकलेली, चीज तुटलेलं, टूथपिक तिरकी, टाक लाल टोपल्यात! तासाभरात लक्षात आलं की खराब माल वाढतोय, पण टोपलं काही भरत नाहीये.

"कदम, टोपल्यातला माल कुठे गेला?"

कदमचे दोन्ही गाल फुगलेले होते. "विल्हेवाट लावलालो साहेब," तो कसाबसा म्हणाला. "अन्न हाय. टाकावं कसं?"

"राव, हा मुद्दाम वाकड्या टोचतोय!" गायकवाड भाऊ ओरडले.

दुसऱ्यांदा सुनंदा आली तेव्हा मी बटाट्याचे गोळे वळत होतो. "अहो, फक्त एवढंच विचारायचंय—"

"वहिनी, बसा तुम्ही!" आता गायकवाड भाऊसुद्धा!

देवघरावरून जाता-येता मला दिसत होतं, की चौरंग मांडलाय, त्यावर कलश, पानं, नारळ, वेणी आहे. पण संसाराची पंचवीस-सव्वीस वर्षं झाल्यावर नवऱ्याला घरात वस्तू दिसतात. त्यांचा अर्थ दिसत नाही. शिवाय ओट्यावर मला फळांनी भरलेली मोठी टोपली सापडली. केळी, सफरचंदं, चिकू, पेरू, संत्री! मेनूत फळ नव्हतंच. मी हर्षाने ओरडलो, "भाऊ! तिसरा पदार्थ!" आणि बघता बघता टोपली रिकामी झाली. प्रत्येक टूथपिकवर पाच फळांचे पाच तुकडे. केळं काळं पडू नये म्हणून वर लिंबू पिळलं. (ही माझी स्वतःची कल्पना.)

फळांची ताटं झाकून ठेवल्यावर सुनंदा तिसऱ्यांदा दारात आली. "अहो, त्या टोपलीतली—"

"सगळं नियोजनात आहे! तू फक्त बस!"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग कदमच्या गालांकडे पाहिलं, आणि ती खाली जनाक्कांकडे निघून गेली. चौथ्यांदा ती आलीच नाही. (नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "चौथ्यांदा ठरवून नाही आले. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते!")

ऊन कलल्यावर आम्ही ताटं घेऊन गच्चीवर गेलो. लाल खुर्च्या मांडल्या, दिव्यांच्या माळा सोडल्या. जनाक्का आधीच येऊन उतरत्या उन्हात बसल्या होत्या. मी ताट पुढे केलं. "घ्या जनाक्का, पहिला मान तुमचा!"

"ह्ये काय हाय?"

"ब्रेड, चीज, काकडी."

जनाक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ताटात चप्पल आणली होती. "आरं लेका, आज मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार हाय न्हवं! समद्या बायांचा उपास!"

मी ताट झटक्यात मागे घेतलं. टूथपिका डोलू लागल्या.

"तुमी त्याच्यासाठीच आजचा दिस धरला न्हवं? उद्यापनाचा? आमी बाया चार दिस तुजं गुण गातोय!"

तो आदर! ते नमस्कार! देशपांडे वहिनी! सगळा उलगडा एका क्षणात झाला. मी गायकवाड भाऊंकडे वळलो. "भाऊ, तुम्ही तरी सांगायचं!"

"राव, आमच्याकडे उपासतापास नसतात, मला कसं कळणार? देवघर तुमचं, कॅलेंडर तुमचं, बायको तुमची!"



जनाक्कांना माझी दया आली. "घाबरू नगंस. सांजच्याला आरती-निवद झाला की उपास सोडायचाच असतोय. मंग खात्याल की. निस्ता लसूण तेवढा काढ, आज चालत न्हाई."

जिवात जीव आला! आम्ही तिघं ताबडतोब बसलो. वरची काकडी उचलायची, चीज उचलायचं, चटणी खरवडायची, चीज नळाखाली धुवायचं आणि पुन्हा रचायचं. कारखान्यात झालेला माल उकलून दुरुस्त करण्याला रीवर्क म्हणतात. माझ्यापुढे तर निम्म्या इमारतीचा स्वयंपाक उकलायला पडला होता. पण होत आलं. चीज धुऊन शुभ्र झालं. (चवसुद्धा धुऊन निघाली.) शेवटचं ताट उरलं होतं, एवढ्यात कदमचा फोन वाजला. त्याचे हात बरबटलेले, म्हणून मी स्पीकर लावून दिला.

"काय करलालास रं बाळा?" गावाकडून कदमची आई.

"कांही नाय माय, साहेबाकडं आलोय."

"उपास केलास न्हवं? एकादस हाय आज. भगर खाल्लीस का शाबुदाणा?"

कदमचा चावणारा जबडा जागच्या जागी थांबला. तोंडात एक आख्खा ब्रेडचा चौकोन होता. तो धड गिळताही येईना, थुंकताही येईना.

"हालो? हालो? तोंडात काय हाय रं?"

फोन मी बंद केला. 

"साहेब," कदम रडकुंडीला येऊन म्हणाला, "माळ घातल्यापासून एक एकादशी मोडली नाय ओ मी! आन् आज सकाळधरनं लाल टोपलं—"

"किती खाल्लंस?"

"निम्मं प्रॉडक्शन!"

इकडे जनाक्का खुर्चीत ताठ झाल्या. "आगं बया! एकादशी! बरूबर! मंग आजचा उपास सांजच्याला सुटत न्हाई! उद्याच!"

म्हणजे ब्रेड गेला. बिस्किट गेलं. चीज आधीच वाहून गेलं होतं. बायका वर येऊ लागल्या होत्या, भरजरी साड्या नेसून, गजरे माळून. आणि त्या गडबडीत मला फळांची ताटं आठवलीच नाहीत; त्यांना देण्यासारख्या दिसत होत्या त्या फक्त दिव्यांच्या माळा. सगळ्यांत शेवटी सुनंदा आली. नवी हिरवी साडी. थेट मधल्या लाल खुर्चीवर जाऊन बसली. पार्टी सुरू झाली होती. मिशीचं घड्याळ सुरू झालं होतं.

"काय झालं?" तिने विचारलं आणि उठायला खुर्चीच्या हातांवर हात टेकले.

"उठू नकोस!" मी, गायकवाड भाऊ आणि जनाक्का एकदम ओरडलो.

मग जे झालं, तसं रीवर्क आमच्या कारखान्यानेसुद्धा पाहिलं नसेल. बटाट्याचे गोळे बिस्किटांवरून सोडवायचे आणि बिस्किटाला टेकलेलं बूड सुरीने तासायचं. सुदैवाने त्यात मीठ, मिरची आणि जिरं एवढंच होतं. हळद-मोहरी घालायला मी विसरलो होतो. (विसराळूपणाचा आयुष्यात झालेला हा एकमेव फायदा!) काकड्या धुऊन घेतल्या. तेवढ्यात देशपांडे वहिनींनी सैद्धान्तिक शंका काढली, "पण भावजी, ब्रेडमधून गेलेली टूथपिक उपासाला चालते का?"

बायकांमध्ये दोन पक्ष पडले. एक म्हणे लाकूड आहे, धुतलं की झालं. दुसरा म्हणे लाकूड शोषून घेतं. वाद पेटला तशी सुनंदा मत द्यायला पुढे सरकली. जनाक्कांनी तिचा पदर धरून ठेवला. शेवटी मी खाली धावलो आणि टूथपिकांचा नवा डबा घेऊन आलो. जुन्या टूथपिकांसह ब्रेडचा सगळा डोंगर गायकवाड भाऊंच्या पुढ्यात ठेवला.

"राव, आम्ही घरात माणसं चार!" ते हबकले.

"भाऊ, संकटात शेजारीच कामाला येतो."

आणि खरं सांगतो, तो माणूस खात राहिला. हसत हसत, दोन्ही मुलांना हाका मारत, बायकोला आग्रह करत. अधूनमधून "चीज कुठल्या कंपनीचं राव? अगदी सात्त्विक लागतंय," असं म्हणतसुद्धा होता!

उपासाच्या बाजूला मात्र माझी लाज राखली ती तिसऱ्या पदार्थाने. फळांची ताटं बाहेर आली तशा बायका खूश झाल्या. माझी मिशी पुन्हा वर वळू लागली. मी मनाशी म्हणालो, जाधव, जिंकलास!

"सुनंदा," जनाक्का म्हणाल्या, "हळदीकुंकू घे की उरकून. समद्या आल्याती. तुजी फळं कुठायत वाटायची?"

"खाली ओट्यावर. मोठ्या टोपलीत," सुनंदा म्हणाली. "अहो, तेवढी टोपली आणता का? उद्यापनाची फळं आहेत. एकेकीला एकेक द्यायचंय."

मी टोपली आणायला गेलो नाही. जाऊन काय आणणार होतो? मी नुसता फळांच्या ताटाकडे बघत राहिलो. माझी नजर कुठे आहे ते सुनंदाने पाहिलं. मग ताट पाहिलं. मग चिकूचा तुकडा ओळखला.

"अहो!!"

तिने खुर्चीचे हात असे पकडले, की प्लास्टिक करकरलं. ती उठणार! संसार, मिशी, अब्रू, सगळं एका झटक्यात! मी डोळे मिटले.

"थांब गं!" जनाक्कांनी काठी आपटली. त्यांनी ताटातली एक काडी उचलून दिव्याजवळ धरली, वरपासून खालपर्यंत मोजली. "एका बाईला एकच फळ देनार हुतीस न्हवं तू? हितं एकेकीच्या हातात पाच-पाच! केळं, सफरचंद, चिकू, पेरू, संत्र. लक्ष्मी काय नगं म्हनतीया व्हय?"

 मग देशपांडे वहिनी खुदकन हसल्या आणि एकदम सगळी गच्ची हसायला लागली. एकेक बाई सुनंदाच्या खुर्चीपाशी येऊन वाकायची, ती बसल्या बसल्या कुंकू लावायची आणि ओटीत पाच फळांची काडी ठेवायची. जनाक्कांची पाळी आली तशी तिला उठून पाया पडायची सवय आडवी आली. "बसूनच पड!" जनाक्का कडाडल्या. "मिशीचा सवाल हाय!"

नंतर मी चहा केला. (तो येतो.) पहिला कप सुनंदाला नेऊन दिला. पार्टीत तिच्या हातात गरम चहा पहिल्यांदाच पडला असावा, कारण तिने घाईने मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. मग फुंकर घालत, बटाट्याचे तासलेले गोळे खात, ती आरामात बसून राहिली. मुलांची गाणी झाली, गायकवाड भाऊ दुसऱ्या ताटावर आले. पाण्याच्या टाकीला टेकून कदम मात्र मौन धरून बसला होता. न कळत घडलं त्याला देव काही म्हणत नाही, असं जनाक्कांनी सांगूनही त्याने पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचं सोडलं होतं.

माझी पाचही बोटं तुपात होती. पार्टी संपायला आली होती आणि सुनंदा खुर्चीवर होती. इतकं झाल्यावर कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता.

मी टाळ्या वाजवून सगळ्यांना शांत केलं. "मंडळी! आज प्रथमच सौभाग्यवती सुनंदा जाधव यांनी संपूर्ण पार्टी खुर्चीवर बसून पाहिली! त्यांनी दोन शब्द बोलावेत, अशी मी विनंती करतो!"

टाळ्या पडल्या. सुनंदा लाजली. पदर सारखा केला. हात जोडले.

"मी काय बोलणार?" ती म्हणाली. "बसून बसून माझी कंबर धरली! दोनशे वडे तळले तरी मी कधी एवढी दमले नव्हते, जेवढी आज यांच्याकडे बघून दमले!"

काय हशा पिकला! मीसुद्धा मिशीला पीळ देत मनापासून हसलो. हसता हसता माझं लक्ष कदमकडे गेलं. तो टाकीपाशी उभा राहिला होता, डोळे विस्फारलेले, बोट माझ्या बायकोकडे. सबंध संध्याकाळचं मौन मोडून तो ओरडला,

"साहेब! वहिनी भाषणाला उठल्या!"